खिट्टीवरची काजळी

१

सकाळी आधी यांचं तोंड पुसायचं, मग दुकानाचं शटर वर करायचं. झटका आल्यापासून हा क्रम ठरलेला. कोमट पाणी, मऊ फडकं, आणि ओठांचा उजवा कोपरा जरा जपून, कारण लाळ तिथूनच गळते आणि तिथे हात लावला की हे चिडतात. चिडले की मला बरं वाटतं. माणूस चिडतोय म्हणजे अजून जागेवर आहे.

आमचं दुकान जुन्या बंदुका दुरुस्त करण्याचं. पुढच्या खोलीत काम, मागे यांची खाट, मधे लाकडी पार्टिशन. ते मीच केलेलं. लग्न झाल्यापासून आमची वाटणी ठरलेली आहे, लाकूड माझं आणि लोखंड यांचं. बंदुकीचा तुटलेला लाकडी दस्ता मी जोडायचा, नळ्या, चाप, स्प्रिंगा यांनी बघायच्या. मी सुताराची मुलगी, म्हणून हे मला सगळ्यांसमोर ‘सुतारीण’ म्हणायचे. सासूबाईंना ते आवडायचं नाही. मला आवडायचं, पण तसं मी यांना कधी कळू दिलं नाही.

झटक्यानंतर यांची उजवी बाजू गेली आणि बोलणं पार बंद झालं. बोलणं शिकवायला एक मुलगी यायची. समोर चित्रं धरायची आणि लाडेलाडे म्हणायची, ‘काका, हे काय आहे सांगा बघू?’ हे नुसते तिच्याकडे बघत राहायचे. मग एके दिवशी तिने गाढवाचं चित्र धरलं आणि हे तिच्याकडे बघून स्पष्ट म्हणाले, ‘गाढव.’ चित्राला की तिला, ते देव जाणे. ती आनंदाने रडली, मी हसून हसून बेजार झाले. त्यानंतर ‘पाणी’ आलं, ‘बास’ आलं. आणि एका दुपारी मी रंधा मारत होते तर पार्टिशनच्या पलीकडून आवाज आला, ‘सुतारीण.’ मी रंधा तसाच टाकला, स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

मला दुसरं काही नको होतं. एकेक करून शब्द परत यावेत आणि माणूस परत घरात यावा, एवढंच. त्या आशेवर मी दिवस ढकलत होते.

२

बंदूक आणली गुरांच्या डॉक्टरने. त्याच्या चुलत्याच्या माळ्यावर सापडली म्हणे. जुनी दुनळी बंदूक, दस्ता अजून भक्कम, कोरीवकाम झिजून गुळगुळीत झालेलं.

‘काकू, ही अडते,’ तो म्हणाला. ‘कधी उघडत नाही, कधी उघडली तर नीट मिटत नाही. घाई नाही मला. सावकाश बघा.’

मी आधी बंदूक रिकामी असल्याची खात्री करून घेतली, मग वरचं लिव्हर अंगठ्याने ढकलून पाहिलं. अशा बंदुकीत लिव्हरच्या खाली एक पोलादी खिट्टी असते. बंदूक मिटली की ती पुढे सरकून नळ्यांच्या खालच्या आकड्यात बसते आणि नळ्या धरून ठेवते. लिव्हर ढकललं की मागे येते आणि नळ्या सोडून देते. हिची खिट्टी अर्ध्यावर येऊन थांबायची. धड आत नाही, धड बाहेर नाही.

पार्टिशनच्या दारातून यांनी बंदूक पाहिली. डावा हात उचलला आणि म्हणाले, ‘आण.’

हा नवीन शब्द होता. मी धावत गेले, यांच्या मांडीवर उशी ठेवली, उशीवर बंदूक. यांनी लिव्हरवर अंगठा ठेवला, हळूच ढकलला आणि पूर्वी ऐकायचे तसे मान तिरकी करून ऐकत राहिले. खिट्टी अडली. यांनी हात काढून घेतला.

‘नको,’ हे म्हणाले.

मला वाटलं, दमले. मी बंदूक उचलून बाहेर आणली. एकाच सकाळी दोन नवे शब्द मिळाले म्हणून मी इतकी खूश होते की डॉक्टरला चहा करून दिला. एरवी मी गिऱ्हाइकाला पाणीसुद्धा विचारत नाही.

३

खिट्टी अडण्याची कारणं असतात तरी किती. जुनं तेल वाळून चिकट होतं, म्हणून मी सगळं उकलून रॉकेलने धुतलं. अडत होती. स्प्रिंग ढिली पडते, म्हणून स्प्रिंग तपासली. ठणठणीत होती. लाकूड दमट हवेने फुगतं आणि लोखंडाला दाबतं. हा माझा प्रांत, मी दस्ता उतरवून बाजूला ठेवला आणि नुसतं लोखंड व्हाइसच्या पकडीत धरून पाहिलं. तरी अडत होती, त्याच ठिकाणी.

मग उरली काजळी. ही यांची पद्धत. चिमणीची वात मोठी करायची, धुरावर खिट्टी धरायची. तिच्यावर काळा मऊ थर बसला की ती जागेवर घालून बंदूक मिटायची, उघडायची आणि खिट्टी बाहेर काढून बघायची. जिथे लोखंडाला लोखंड घासलं असेल तिथली काजळी निघून चकचकीत ठिपका दिसतो. तोच अडथळा. हे नेहमी म्हणायचे, माणूस खोटं बोलेल, गिऱ्हाईक तर बोलणारच, काजळी बोलत नाही.

मी तसं केलं. ठिपका दिसला. पण तो खिट्टीच्या वरच्या अंगाला होता, आणि तिथे काहीच लागत नाही. वर मोकळी फट आहे. मी पातळ कागदाची पट्टी फटीतून घालून पाहिली, ती इकडून तिकडे सहज सरकली. म्हणजे तिथे हवेशिवाय काही नव्हतं. तरी काजळी तिथलीच निघाली होती, कोणीतरी बोट टेकवावं तशी.

मी पुन्हा काजळी धरली. पुन्हा तिथेच. म्हटलं, माझे डोळे म्हातारे झाले, फट कुठेतरी वाकडी असेल, मला दिसत नसेल. लोखंड काही माझा प्रांत नाही. आत जाऊन यांना विचारायचं तर हे झोपले होते.

यांचा नियम मला माहीत होता. जुन्या लोखंडाला कानस लावायची नाही. आधी का अडतं ते शोधायचं, आणि घासायचंच झालं तर नवीन तुकडा घालून तो घासायचा. पण मी पडले लाकडातली. लाकूड माफ करतं. जास्त गेलं तर ठिगळ लावता येतं, दबलं तर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री फिरवली की फुगून वर येतं. हाताला हीच सवय. मी बारीक कानस घेतली आणि चकचकीत ठिपक्यावर थोडीशी फिरवली.

खिट्टी थोडी मोकळी झाली. मला वाटलं, जमलं की आपल्याला.

४

त्या दुपारी मी यांना विचारलं, ‘पाणी हवं?’ यांनी तांब्याकडे बोट केलं.

‘बोलून मागा,’ मी म्हटलं. ‘आज काय मौनव्रत आहे?’

यांनी तोंड उघडलं. ओठ हलले. मग हे गोंधळून माझ्याकडे बघत राहिले. खिशात हात घालावा आणि किल्ली नसावी, असा तो चेहरा होता. मी पाणी दिलं आणि म्हटलं, होतं असं कधीकधी. शिकवणारी मुलगीही तेच म्हणायची, चार पावलं पुढे, एक मागे.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा काजळी धरली. ठिपका तिथेच, थोडा मोठा. पुन्हा कानस मारली. या वेळी कानस जरा घसरली आणि ठिपक्याच्या टोकाला एक तिरकी रेघ उठली. मी स्वतःला दोन शिव्या दिल्या. पण खिट्टी आणखी मोकळी झाली होती.

त्या दिवशी जेवताना ‘बास’ गेलं. मी घास भरवत होते आणि हे खात होते. मी आपली बडबडत होते, लक्ष नव्हतं. हे खातच राहिले, डोळ्यांत पाणी आलं, मग ठसका लागला. पोट भरलं हे यांना सांगता येत नव्हतं. मी ताट भिरकावलं आणि पाठ चोळत बसले.

डॉक्टरांकडे नेलं, गुरांच्या नव्हे, यांच्या. त्यांनी तपासलं, डोक्याचे फोटो काढायला लावले. नवीन काही दिसत नाही म्हणाले. धीर धरा म्हणाले. धीर धरून धरून माझी बोटं वाकडी झाली होती, हे त्यांना कोण सांगणार. मी घरी आले आणि हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून परत खिट्टी घेऊन बसले. घासलं. घासताना डोक्यात काही नव्हतं.

संध्याकाळी मी खाटेशी गेले. हे माझ्याकडे बघून सुरुवात करायला गेले. दात जुळले, ‘स’ची हवा सुटली आणि पुढे काही नाही. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा. मग यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

मी तिथेच खाली बसले.

५

सकाळी तोंड पुसताना फडकं काळं झालं.

मी फडक्याकडे पाहिलं, मग यांच्याकडे. ओठ स्वच्छ होते. म्हटलं, ‘तोंड उघडा.’ यांनी उघडलं.

जीभ काळी होती. काळी म्हणजे आजारी माणसाची असते तशी नव्हे. तिच्यावर काजळीचा थर होता, मऊ आणि सारखा. आणि मधोमध एक लांबट जागा पुसल्यासारखी लख्ख गुलाबी. त्या जागेच्या टोकाला एक तिरकी रेघ.

मी बाहेर जाऊन खिट्टी आणली. आदल्या दिवशीची काजळी तिच्यावर अजून होती. दोन्ही शेजारी धरायची हिंमत झाली नाही. धरायची गरजही नव्हती.

पण माझं डोकं गप्प बसणारं नाही. ते लगेच कारणं द्यायला लागलं. तुझेच हात काजळीचे होते. तशाच हातांनी तू यांना भरवलंस. घासाबरोबर गेली काजळी आणि बसली जिभेवर, मधली जागा टाळूला घासून पुसली गेली. रेघ काय, कशीही उठते. मी हे सगळं स्वतःला मोठ्याने सांगितलं. हे माझं तोंड बघत होते.

६

मी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, नखं ब्रशने घासली. यांची जीभ पुसून गुलाबी केली. चूळ भरवली. मग दार ओढून घेतलं आणि बाहेर येऊन चिमणी पेटवली. खिट्टी चिमट्यात धरली, बोट लागू दिलं नाही. या वेळी फक्त तिचं पुढचं टोक धुरावर धरलं, बाकी सगळी कोरी ठेवली. बसवली. बंदूक मिटली, उघडली. पुन्हा हात धुतले.

आत गेले तर हे तोंड मिटून बसले होते.

‘उघडा,’ मी म्हटलं.

यांनी मानेनेच नाही म्हटलं. डोळ्यांत भीती होती आणि ती माझी भीती होती, माझ्या हातांची. इतक्या वर्षांत यांना माझ्या हातांची भीती कधी वाटली नव्हती. मी हनुवटी धरली, गोड बोलले, दटावलं, शेवटी रडले. तेव्हा यांनी तोंड उघडलं.

फक्त शेंडा काळा होता.

७

त्या दिवशी मी दुकान उघडलंच नाही. जमिनीवर बसून झाडलोट गोळा केली, चुंबक फिरवला, लोखंडाचा कीस कागदावर घेतला. चिमूटभर. त्यात माझ्या कानशीने काढलेला कोणता आणि जुन्या कामांचा कोणता, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. शिवाय कळून तरी काय करणार होते? कीस काय डिंकाने चिकटवणार होते? तरी मी बराच वेळ त्या कागदाशी बसले, निवडत राहिले.

मग मला ठोकण्याचं सुचलं. झिजलेल्या जागेच्या शेजारी बारीक हातोडीने ठोकलं की लोखंड पसरतं, पुढे सरकतं, खड्डा भरून येतो. हे करायचे कधीतरी. गेलेलं लोखंड त्याने परत येत नाही. शेजारचं लोखंड तिथे जाऊन बसतं. हे मला तेव्हाही माहीत होतं.

मी खिट्टी ऐरणीवर ठेवली आणि ठोकलं. हलकेच, अंड्यावर मारावं तसं.

आतून आवाज आला, ‘पाणी.’

काय सांगू मला काय झालं. मी धावत जाऊन पाणी दिलं, पाणी यांच्या छातीवर सांडलं, माझ्या अंगावर सांडलं. परत येऊन ठोकलं. ‘बास,’ आतून आवाज आला. मी हसत होते, नाक पुसत होते आणि ठोकत होते. तिथेच थांबायला हवं होतं. पण एकेका शब्दासाठी जिने डोळ्यांत तेल घालून वाट पाहिली, ती कशी थांबणार? मी आणखी ठोकलं. खड्डा भरला, भरून वर आला. मी खिट्टी जागेवर बसवली, दस्ता चढवला, नळ्या लावल्या आणि बंदूक मिटली. अगदी घट्ट, सुरेख आवाजात मिटली. लिव्हर ढकलून पाहिलं तर ते जागचं हललं नाही.

हलू नये तेच बरं, मी म्हटलं. आता हिला कोणी हात लावायचा नाही.

तेवढ्यात दारात धाकटी नणंद आली. ती अशीच, न सांगता येते. सरळ आत गेली आणि मी तिच्या मागे.

‘या, बसा,’ हे तिला म्हणाले. ‘प्रवासाचा त्रास नाही ना झाला?’

नणंद मटकन खाली बसली. ‘दादा,’ ती म्हणाली. मग तिने यांचे गाल धरले, कपाळाचा मुका घेतला, मला मिठी मारली. ‘वहिनी, अगं बोलतोय तो. पूर्ण वाक्य बोलतोय.’

मी तिच्या खांद्यावरून यांच्याकडे पाहत होते. आवाज यांचाच होता. पण हे आपल्या बहिणीला कधी ‘या, बसा’ म्हणत नाहीत. ‘आलीस का डोकं खायला’ म्हणतात. यांनी माझ्याकडे पाहून नम्रपणे हसून विचारलं, ‘मावशी, यांना पाणी देता का?’

८

नणंदेला मी सांगितलं, हे यांचं बोलणं नव्हे. ऐकून घेईल तर ती कसली. ‘आजारातून उठलेल्या माणसाची गाडी थोडी रुळावरून घसरते,’ ती म्हणाली. ‘ओळखेल हळूहळू. माझा भाऊ बोलायला लागला आणि तू तोंड पाडून बसलीस.’ ती गेली तेव्हा यांनी तिला ‘पुन्हा या’ म्हटलं. ती रस्त्यावरून हात हलवत, डोळे पुसत गेली.

मी खुर्ची ओढून समोर बसले. तेच कपाळ, तोच जुन्या भाजल्याचा डाग, उजवा हात तसाच मांडीवर पडलेला. तोंड मात्र भरभर चालत होतं. खोली हवेशीर आहे म्हणाले. पार्टिशनवर बोटं फिरवली आणि विचारलं, ‘हे कोणी केलं? सांधा दिसत नाही कुठे. काम चांगलं आहे हो.’

‘मी केलं,’ मी म्हटलं.

‘अरे वा,’ ते म्हणाले. आता मला ‘हे’ म्हणवत नव्हतं.

‘मी कोण आहे?’ मी विचारलं.

त्यांना संकोच वाटला. कोणाचं नाव विसरलं की माणूस वळवून वळवून बोलतो, तसे बोलले. ‘तुम्ही माझं सगळं करता. उपकार आहेत तुमचे. नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, राग मानू नका.’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘मावशी, एक सांगू का? तक्रार म्हणून नाही. पण इथे जरा आवाज फार होतो. ते गृहस्थ सारखे हाका मारतात.’

‘कोण गृहस्थ?’

‘तिकडचे.’ त्यांनी डाव्या हाताने पार्टिशनकडे, त्याच्या पलीकडे दाखवलं. ‘बंद खोलीतून येतो तसा आवाज येतो. बिचाऱ्यांना कोणी दार उघडत नाही.’

‘काय म्हणतात?’

‘काही म्हणता येत नाही त्यांना,’ ते म्हणाले. ‘नुसतं घशातून करतात. शब्द नाहीत त्यांच्याकडे.’

९

बंदूक टेबलावर होती, जशी मी ठेवली होती तशी. खिडकीतून ऊन येत होतं. बाहेर रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. मी नळ्यांच्या तोंडाला कान लावला.

आधी शंखात येतो तसा पोकळ आवाज. तो कुठल्याही नळीत येतो. मग त्याच्या आत श्वास. श्वास घेताना उजव्या बाजूला किंचित फरफट होते, लाळ असते तिथे. त्या श्वासाशेजारी मी इतक्या रात्री जागून काढल्या आहेत. माझी चूक होणार नाही.

‘आले,’ मी नळीत म्हटलं. ‘घाबरू नका. आले मी.’

श्वास जोरात झाला.

आता मला शब्द नको होते. एकही नको होता. मुका राहू दे, भिंतीकडे तोंड करून बसू दे, मी जन्मभर घास मोजून भरवीन. मी लिव्हर ढकललं. हललं नाही. तेल सोडलं, थांबले, ढकललं. फडकं गुंडाळून दोन्ही अंगठ्यांनी ढकललं. नळ्या निघाल्याशिवाय खिट्टीपर्यंत हात पोचत नाही आणि खिट्टी सुटल्याशिवाय नळ्या निघत नाहीत. आणि ती इतकी घट्ट मीच बसवली होती. मी लाकडाचा ठोकळा टेकवून हातोडा मारला. मग ठोकळा टाकून नुसताच मारला. बोटं सोलली. मधेमधे थांबून नळीशी कान नेत होते आणि दर वेळी श्वास थोडा बारीक होत होता. ‘थांबा हो, जरा थांबा,’ मी म्हणत होते, आणि पार्टिशनमागून त्या परक्या माणसाचा आवाज येत होता, ‘मावशी, काही मदत करू का?’

शेवटी मी बंदूक टेबलाच्या कडेवर आडवी धरली आणि सगळा भार तिच्यावर टाकला. आधी दस्ता तडकला, मानेपाशी, उभा. दस्ता तडकताच त्याने धरून ठेवलेलं लोखंड जरासं हललं, खिट्टी मागे सरकली आणि नळ्या खाली झुकल्या.

बंदूक उघडली होती. दोन्ही नळ्यांतून खिडकीचा उजेड दिसत होता, स्वच्छ, गोल. आत काही नव्हतं. माझ्या गालाला एकदा ऊब लागली, कोणी अगदी जवळून गेल्यासारखी, आणि मग खोलीत उन्हाशिवाय काही राहिलं नाही.

मी आत धावले. खाटेवर ते सरळ बसले होते. चेहरा प्रसन्न होता, आवाज थांबल्यावर होतो तसा.

‘उघडलंत का?’ ते म्हणाले. ‘फार बरं केलंत. गेले ते.’

‘कुठे गेले?’

‘बाहेर. घाईत होते. या दाराशी क्षणभर उभे राहिले, इकडे बघितलं. पण इथे मी बसलेलो.’ त्यांनी अपराधी वाटल्यासारखं हसून खाटेवर जरा सरकून दाखवलं. ‘जागा नव्हती ना. मग गेले रस्त्याकडे.’

मी शटरपाशी गेले, अर्धं उघडलं. भर दुपारची वर्दळ होती. माणसं येत होती, जात होती, दोन्ही दिशांना. कोणत्या बाजूला धावायचं ते मला कळेना. मी थोडा वेळ तिथे उभी राहिले आणि परत आत आले. ते माझ्याकडे काळजीने बघत होते.

‘तुमचे कोणी होते का, मावशी?’ त्यांनी विचारलं.

‘होते,’ मी म्हटलं.

‘अरेरे,’ ते म्हणाले. ‘मग हाक मारायची ना. थांबले असते.’